घरच्यांना विचारा

मी एसटीडी बूथच्या काचेच्या खोक्यातून बाहेर आले, माझ्या मागं नंबर लावून उभा असलेला माणूस आत गेला, आणि आत गेल्यागेल्या बाहेर आला. झालं एवढंच. तो माणूस दाराशी उभा राहून खिशातली नंबरांची वही चाळायला लागला, जणू त्याला फोनची घाई कधी नव्हतीच. आणि बूथवाला कारभारी, जो एरवी बिलाचा कागद फाडून द्यायलासुद्धा खुर्चीतून हलत नाही, तो उठला, काचेचं दार सताड उघडलं आणि मिटू नये म्हणून खाली वीट सरकवली. "गरम हुतंय आत," माझ्याकडं न बघता म्हणाला. फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. नगरच्या माळीवाड्याच्या स्टँडवर माणसं कानाला मफलर गुंडाळून उभी होती. गरम हुतंय म्हणे! मी त्याच्याकडं नुसती बघत राहिले. विचारावं असं तोंडाशी आलं होतं, की का रे बाबा, वास येतो का माझा? पण भर रस्त्यात परक्या माणसाला असं विचारायचं तरी कोणत्या तोंडानं. मी पिशवी काखेत मारली आणि चालायला लागले.

आणि दिवस कसला, तर आनंदाचा. माझ्या भावाला, तुषारला, मुलगी झाली होती. त्याचं लग्न उशिरा झालं, त्यात पहिलंच मूल, आणि रश्मीला म्हणजे वहिनीला आई नाही, म्हणून बाळंतपण कोपरगावलाच, आमच्या आईच्या हाताखाली. शेजारच्यांच्या फोनवर आईला बोलावून घेतलं होतं. ती फोनमध्ये नेहमीसारखी ओरडूनच बोलत होती, "पोरगी झाली गं भारती, लई ग्वाड हाय, नाक आपल्या घरचं हाय!" मी हसले. म्हटलं, बारशाला येते, नाव मी ठरवून ठेवलंय. त्यावर आईचा आवाज एकदम खाली आला. मग आई म्हणाली, "ये की. ये तर. पन तुला वाकायचं न्हाई ना, डाक्टरनं सांगितलंय. पाळन्यात वाकून कानात सांगायचं म्हंजी... आपली चांगुणा हायच की, ती बी आत्याच." चांगुणा म्हणजे चुलत्याची मुलगी. मी म्हटलं, आई, वाकायचं नाही हे ऑपरेशननंतरच्या पहिल्या दीड महिन्यापुरतं होतं, त्याला आता अर्धं वर्ष झालं! तर म्हणते, "मग बघू, ये तर." बघू! सख्खी आत्या मी, आणि बघू!

रस्ताभर माझ्या डोक्यात ते 'बघू' आणि ती वीट. नाकात नेहमीचं कोंदलेलं, डोळ्यांच्या मागं ओल्या पोत्याचं ओझं, घशात मागच्या बाजूनं काहीतरी सारखं उतरत असलेलं, ते गिळायचं की थुंकायचं हा दिवसभराचा प्रश्न. हे सगळं मला कळतं. एक तेवढं कळत नाही. ऑपरेशन झाल्यापासून मला वास नाही. कांदा नाही, फोडणी नाही, रॉकेल नाही, पावडर नाही. दूध नासलेलं मला डोळ्यांनी बघून कळतं. त्याचं मी एवढं काही वाटून घेतलं नाही, कारण पुण्याच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की असं होऊ शकतं. त्यांनी आणखी एक सांगितलं होतं, आणि ते मला झोपेतसुद्धा पाठ आहे. घरी सोडताना ते म्हणाले होते, "नाकात खपल्या धरतील, रोज मिठाच्या पाण्यानं धुवायचं. आत पू धरला तर घाण वास सुटतो. तो तुमचा तुम्हाला कळणार नाही. घरच्यांना विचारत राहा. कुणी वास येतो म्हणालं की दुसऱ्या दिवशी इथं हजर. गाठ जिथून काढलीय तिथून मेंदू बोटभरसुद्धा लांब नाही, बाई. हयगय करायची नाही." घरच्यांना विचारा. किती सोपं काम! जगातलं सगळ्यात सोपं काम डॉक्टरांनी मला दिलं होतं.

गाठ मेंदूच्या खाली होती, नाकाच्या मुळाशी. तिथं म्हणे वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, ती सगळ्या शरीराला हुकूम सोडते. माझ्या त्या वाटाण्याला गाठ आली आणि ती माझ्या शरीराशी खोटं बोलायला लागली. मूलबाळ नाही, दिवस गेलेले नाहीत, आणि छातीला दूध. जिल्हा परिषदेच्या ऑफिसात टेबलाशी बसल्याबसल्या ब्लाउज भिजायचा. पदर घट्ट ओढून मी बसायची आणि पाठीमागं बायका कुजबुजायच्या. पाळी कधीच थांबली होती. प्रवीणच्या आईनं तेव्हा नको नको ते विचारलं होतं, आणि प्रवीण, माझा नवरा, जन्मात पहिल्यांदा आपल्या आईवर ओरडला होता, की हिच्याबद्दल या घरात एक शब्द कुणी काढायचा नाही. मग नजर कडेनं मिटत आली. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. सायकलवाले अंगावर यायचे, दाराच्या चौकटी खांद्याला लागायच्या. गोळ्या दिल्या तर पोटात पाणी ठरेना. शेवटी नाकातून दुर्बीण घालून गाठ काढली. नवीन पद्धत होती, कपाळ चिरायचं नाही, टाका दिसायचा नाही. नजर आली परत. जागी झाले तेव्हा कॉटच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसं मला एकदम दिसली, एका बाजूला प्रवीण, दुसऱ्या बाजूला अण्णा, माझे वडील, आणि मी ओक्साबोक्शी रडले होते. तेव्हापासून मात्र काही बोलायची सोय उरली नाही. नाक दुखतं म्हटलं की, "डोळे वाचले ना?" डोकं जड आहे म्हटलं की, "अगं, डोळे वाचले!" वाचले, मान्य आहे! म्हणून काय जन्मभर रोज सकाळी उठून सगळ्यांना नमस्कार घालत फिरू का?

प्रवीणला मी विचारते. सुरुवातीला रोज विचारायची, मग आठवड्याला, आता भांडण झालं की. "अहो, खरं सांगा, वास येतो का?" "नाही गं, उगाच काय." इतक्या चटकन म्हणतो, की प्रश्न संपायच्या आधी उत्तर तयार असतं. थंडीत खिडकी उघडी ठेवून झोपतो आणि तोंड खिडकीकडं. म्हणतो, एमआयडीसीत दिवसभर मशीनच्या धुरात असतो, मोकळी हवा लागते. जानेवारीत ताप येऊन गेला तेव्हा नगरच्याच नाकाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी बॅटरीनं वरवर बघितलं. मला काय होतंय ते मी सांगितलं. मग ते प्रवीणकडं वळून म्हणाले, "वास वगैरे येतो का यांच्या नाकाला?" मी प्रवीणकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. "नाही," म्हणाला. डॉक्टरांनी सर्दीच्या गोळ्या लिहून दिल्या. रिक्षात बसल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं? काही नाहीये." मला त्या हाताला चावावंसं वाटलं. खरं बोलतोय की खोटं, ते कळायला माझ्याकडं काही साधनच नव्हतं. रिक्षात मी होते, माझं नाक होतं, आणि बाहेर भिस्तबाग चौकातली गर्दी होती, आणि त्या सगळ्यात वास होता की नव्हता ते फक्त तो आणि रिक्षावाला जाणत होते.

पूर्वी मला माणसाचं वळलेलं तोंड वाचता यायचं. त्यात माझी चूक व्हायची नाही. ती विद्या आम्ही जन्मतःच घेऊन येतो म्हणा ना. नगरला खोली शोधत होतो तेव्हा घरमालकीण आधी चहाचं विचारायची, मग आडनाव विचारायची, मग म्हणायची, आमच्या भाच्याला द्यायचं ठरलंय हो. तिच्या हातातला कप जिथं होता तिथंच थांबायचा, अर्धा पुढं आलेला. त्या थांबलेल्या कपाकडं बघून मला पुढची सगळी वाक्यं ऐकू यायची. आम्ही बौद्ध. लपवत नाही, मिरवत नाही, विचारलं तर सांगतो. कोण लांब सरकतंय आणि कशापायी, याचा माझा हिशेब कधी चुकला नाही. आणि आता? ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर मच्छिंद्र. चार वर्षं माझ्या डब्यातली बोंबलाची चटणी बोटं चाटून खाल्लेला माणूस. दिवाळीनंतर त्यानं टेबल उचलून खिडकीपाशी नेलं. पंखा लागत नाही म्हणाला. डबाही तिकडंच खायला लागला. मी एक दिवस भर ऑफिसात उभी राहिले आणि म्हटलं, "मच्छिंद्र, चार वर्षांनी बाटल्यासारखं वाटायला लागलं काय?" तो लालबुंद झाला. साहेबांनी बोलावून दोघांना समजावलं. तेव्हापासून ऑफिसात माझ्याशी सगळे फार जपून, फार गोड बोलतात, आणि कुणी जवळ येत नाही. ते कप थांबवणारे आहेत की नाक धरणारे? की दोन्ही? घरमालकिणीला जात बोचत होती हे मला तळहातासारखं स्वच्छ माहीत आहे. मच्छिंद्रचं मला आता माहीत नाही. या नाकानं माझी ती नजरसुद्धा नेली, आणि हे नुकसान कुणाला सांगायला जावं तर परत तेच, डोळे वाचले ना.

बारशाच्या दिवशी पहिल्या गाडीनं निघाले. प्रवीणची कंपनीत सकाळची पाळी होती, तो दुपारून येतो म्हणाला. खिडकीची जागा मिळाली, शेजारी एक बाई पोतं घेऊन बसली होती. राहुरी फॅक्टरी आली आणि त्या बाईनं पदर नाकाला लावला. मी अंग चोरून खिडकीला टेकले. मग पुढच्या सीटवरच्या माणसानं रुमाल काढला, कंडक्टरनं थुंकी टाकली, आणि मी खिडकीबाहेर बघितलं तर धुराडं, उसाच्या ट्रकांची रांग, मळीचं काळं पाणी. सीझन चालू होता. अख्खी गाडी नाक दाबून बसली होती आणि माझ्यामुळं नव्हती! मला इतकं हायसं वाटलं की मी त्या पोतंवालीकडं बघून हसले. गाडी देवळालीचा फाटा ओलांडून पुढं आली. पुरुषाचा रुमाल खिशात गेला. बाईचा पदर तसाच राहिला.

मळीचा वास मला आठवतो. आठवणीत वास येतो, ही एक चमत्कारिकच गोष्ट आहे. अण्णा कोपरगावच्या साखर कारखान्यात बॉयलरला होते आणि आम्ही कारखान्याच्या चाळीत वाढलो. पाहुणे आले की दारातच तोंडं वेडीवाकडी करायचे, आणि आम्ही भावंडं एकमेकांकडं बघायचो, की यांना काय झालं? आम्हाला तो वास यायचाच नाही. त्यात जन्मलेल्याला तो नसतोच. पण अण्णांना वासाचं मोठं भय. आमच्या घरात भाकरीला पीठ कमी पडलं असेल, पण अंगाला साबण कमी पडला नाही. लाल साबणाची वडी झिजून पापुद्र्याएवढी झाली की नव्या वडीला चिकटवायची. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी अण्णा उंबऱ्यात उकिडवे बसायचे. आधी मी, मग तुषार. मान पुढं करायची, ते मानेला नाक लावायचे, मग केसांना, मग म्हणायचे, "हात." हात हुंगायचे. ठीक असलं तर, "जा." नसलं तर, "जा, धुऊन ये." थंडी असो, उशीर होवो, धुऊन यायचं आणि परत उंबऱ्यात मान द्यायची. तुषार रडायचा. मला आवडायचं. दिवसभरात अण्णा तेवढेच जवळ यायचे. त्यांच्या मिशा मानेला टोचायच्या. हे सगळं कशासाठी, ते आम्हाला कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. सगळ्यांचे बाप असेच पोरं हुंगून शाळेत पाठवतात असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

घरी पोचले तर ओटा माणसांनी भरलेला. पुढच्या खोलीत पाळणा, त्याला पांढरी झालर, भिंतीशी टेबलावर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या. अगरबत्त्या इतक्या लावलेल्या की धुरानं फोटो धूसर झाला होता. एरवी आमच्याकडं दोन लावतात. मी त्या मोजल्या नाहीत, पण मनात म्हटलं, या कुणासाठी? आई पुढं आली आणि तिनं लांबूनच माझ्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "थकून आली असशील, भाहेर ओट्यावर बस, वारं हाय." तुषारनं पिशवी घेतली आणि तीही ओट्यावरच ठेवली. चांगुणा नवीन साडी नेसून पाळण्यापाशी आधीच बसलेली, माझ्याकडं बघून ओशाळवाणी हसली. रश्मी आतल्या खोलीत खाटेवर होती, मांडीवर मूल. मी दारात जाऊन उभी राहिले तर ती म्हणाली, "या ताई," आणि बाळाला उगाचच मांडीवरून उचलून खांद्यावर घेतलं, भिंतीकडच्या. सगळेच किती चांगले वागत होते! त्या चांगुलपणानं मला गुदमरायला झालं.

रश्मीनं मुलीला बाहेर आणून पाळण्यात ठेवलं आणि वंदना झाली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही, हेही सगळ्यांनी हात जोडून खणखणीत म्हटलं. मग आई म्हणाली, "चला, चांगुणे, घे कानात सांग. भारतीला वाकायला बंदी हाय."

मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, "मला बंदी नाही. वाकायचं दीड महिना नव्हतं. आई, खरं बोल. माझ्या नाकाला वास येतो का?"

"न्हाई गं बाई, काय बी काय!"

"तुषार?"

"नाही ताई. तुझी तब्येत म्हणून..."

"चांगुणे?"

"मला तर काय न्हाई आला बाई," चांगुणा म्हणाली आणि श्वास सोडला. सोडला! म्हणजे धरून बसली होती. मी रश्मीकडं वळले. परक्या घरून आलेली, बेलापूरची मुलगी, ती तरी सांगेल. तिचे डोळे भरून आले होते. ती म्हणाली, "मला नका विचारू ताई. मला या घरात तसं बोलायला बंदी केलीय." मी ओरडले असेन, कारण पाळण्याची झालर धरून उभी असलेली शेजारची म्हातारी मागं सरकली. "अरे, कुणीतरी खरं सांगा रे! हा काय मान-अपमानाचा प्रश्न आहे का? आत पू झाला असला तर तो मेंदूत चढतो. मी मरेन, कळतंय का? तुमच्या गोड बोलण्यानं मी मरेन!"

आई खाली बसली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "तुज्या बापाला इचार. म्या न्हाई तसं बोलनार. माझ्या जिभेला न्हाई यायचं ते." मग तिनं जे सांगितलं ते मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. अण्णांना त्यांच्या गावात पहिल्या दिवशी शाळेत घातलं तेव्हा त्यांच्या आईनं त्यांना नदीवर नेऊन राखेनं घासून घासून आंघोळ घातली होती, कातडी लाल होईस्तोवर. धुतलेली टोपी होती. आणि मास्तर दारातच म्हणाले होते, "मेलेल्या ढोराचा वास येतोय, भाहेर बस." पोरं हसली. ते दोन वर्षं बाहेर, पन्हळीखाली बसून शिकले. "लग्न झालं त्याच राती मला म्हनले," आई सांगत होती, "माझ्या लेकरान्ला जगात कोन बी कायबी म्हनू दे, पन वास येतो असं कोनी म्हनायचं न्हाई. घरातल्यानं तर न्हाईच न्हाई. आन् तुझ्याच नाकाला... म्या कोनत्या तोंडानं म्हनू? तुजा नवरा परवा आला हुता, माझ्यापाशी बसून रडला. आई, कसं सांगू, म्हनला. म्याच म्हनले, नको सांगू."

मी तशीच उभी होते. राग कुठं ठेवावा ते कळेना. म्हणजे येतो. म्हणजे महिनोन्‌महिने येतो, आणि खिडकी, आणि टेबल, आणि वीट, आणि मी रोज घरच्यांना विचारत होते आणि घरचे रोज त्या मास्तराला उत्तर देत होते! तो मास्तर कधीचा मेला असेल. त्याचं नावसुद्धा कुणाला माहीत नसेल. आणि माझ्या नाकात तो अजून दारात उभा आहे. मला मोठ्यानं हसू यायला लागलं, आणि हसण्यानं डोळ्यांमागं ठणका उठला.

अण्णा कुठं आहेत म्हणून बघितलं तर मागच्या दारी उंबऱ्यात बसले होते, पाठमोरे. गर्दीत ते कधी बसत नाहीत. आता थकलेत, मिशा पांढऱ्या झाल्यात. सगळं ऐकलं असणार, आवाज काही कमी नव्हता. मी त्यांना ओलांडून अंगणात गेले आणि त्यांच्यापुढं उकिडवी बसले. लहानपणी द्यायची तशी तोंड वर करून मान पुढं केली.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं, पुढं झाले, आणि आधी मानेला नाक लावलं, मग केसांना. मिशा टोचल्या. मग तोंडासमोर आले, अगदी नाकाशी नाक, आणि खोल श्वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते त्यांनी लपवलं नाही. डोळे मिटले, जबडा घट्ट झाला, पण डोकं सोडलं नाही. परत एकदा श्वास घेतला, खात्री करायला.

"येतोय," म्हणाले. "लई येतोय, बाई. कुजल्याचा."

मी म्हटलं, "कशासारखा? सांगा ना नीट." मला खरंच ऐकायचं होतं. माझीच गोष्ट होती आणि मलाच ठाऊक नव्हती.

"उंदीर मरून पडावा भिताडाआड, तसा," म्हणाले. "किती दिस झालं?"

"तुम्ही सांगा. मला काय माहीत?"

"म्या संक्रांतीला आल्तो तुज्याकडं. तवा हुता." मान खाली घातली. मग एकदम उठायला गेले, गुडघ्यावर हात दाबून उठले, आणि अगदी त्या जुन्या आवाजात म्हणाले, "जा, धुऊन ये."

मोरीत जाऊन मी मिठाचं पाणी केलं, पिशवीतली पिचकारी काढली आणि नाक धुतलं. एकदा, परत, आणखी परत. पिवळं, हिरवं, एक काळसर खपली, दमडीएवढी. डोळ्यांत पाणी आलं ते खारट पाण्यानं की कशानं, त्याचा विचार केला नाही. बाहेर आले. अण्णा उंबऱ्यातच होते. मान दिली. त्यांनी हुंगलं. "हाय अजून. पन कमी." मग मला हाताला धरून पुढच्या खोलीत नेलं. चांगुणा आपण होऊन उठली. अण्णा पाळण्यात वाकले, पोरीला उचललं, आणि मला म्हणाले, "खाली बस. तू वाकू नको, लेकराला म्या तुझ्यापाशी आनतो." मी बसले. त्यांनी तिला माझ्या खांद्यावर ठेवलं. इवलंसं डोकं माझ्या गालाला लागलं. तिच्या टाळूला बाळाचा वास असणार, तेल, दूध, शेक-शेगडीचा धूर. मला काहीच आलं नाही. तेवढं एक मला मिळणार नव्हतं, म्हणून मी गाल तरी तिथंच ठेवला.

बायकांनी कुर्रर्र केलं, माझ्या पाठीत धपाटे घातले. मी तिच्या कानाला ओठ लावले आणि ठरवलेलं नाव सांगितलं, सुजाता. ओठ काढले नाहीत. आणखी एक सांगितलं, इतकं हळू की शेजारी बसलेल्या रश्मीलासुद्धा ऐकू गेलं नाही. आत्याच्या नाकाला वास येतो, बाई. लई येतो. रडायचं तर रड.

आणि ती रडली. नाकाचा चंबू केला, लालेलाल झाली, मूठ माझ्या तोंडावर मारली आणि घर डोक्यावर घेतलं. मला इतकं बरं वाटलं! सबंध जगात एक माणूस माझ्यापासून तोंड फिरवून माझ्या तोंडावर खरं ओरडत होतं.

"भूक लागली गं तिला, भूक लागली," आई लगबगीनं पुढं आली. "व्हय व्हय, भुकेनंच," चांगुणा म्हणाली. "झोप आली असंल," आणखी कुणीतरी म्हणालं. सुरूच झाले परत.

अण्णा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला पांढरा रुमाल काढला, झटकला, आणि सगळ्यांसमोर, माझ्याकडं बघत, नाकाला लावला. तसाच धरून ठेवला. रुमालाच्या आतून म्हणाले, "भूक न्हाई लागली तिला. आत्याला वास येतोय. तुषार, पावन्यान्ला जेवाया वाढ. आन् सकाळच्या पुण्याच्या गाडीला दोन जागा सांग. म्या जातोय संगं." रश्मीनं पुढं होऊन मुलीला माझ्या खांद्यावरून घेतलं आणि मोकळ्या हातानं पदराचं टोक नाकाला लावलं. मी तिच्याकडं बघून मान हलवली. मग उठले, आणि जेवायची पानं मांडायला लागले.